देवी रविवारी चालत नाही

या सगळ्यात धावजी महाराजाला मिळायचं होतं ते फार नव्हतं. देवळात हक्काची जागा, दोन वेळचं आयतं जेवण आणि वामनराव पाटलासारख्या माणसानं जोडे बाहेर काढून आपल्यापुढे मांडी घालावी, एवढंच. चमत्काराच्या मानानं सौदा स्वस्त होता. ज्यांचा खरा फायदा होता, ते बैठकीत दिसतच नव्हते.

वणी-मारेगावकडच्या त्या गावाला खेटूनच कोळशाची खाण होती आणि अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यापासून गावातली घरं तडकत होती. रात्री धड असलेल्या भिंतीत सकाळी मूठ जाईल एवढी भेग दिसायची. त्याहून नवल म्हणजे, तडकणाऱ्या घराचं नाव धावजी आदल्या दिवशीच सांगायचा.

देवळापुढे गाव दाटीनं बसायचं. धावजी घुमायचा, मान फिरवायचा, मधेच एक डोळा उघडून गर्दी मोजायचा.

"जमिनीखालून देवी चालून राह्यली! उद्या मारोतीच्या घरावर पाय ठेवते! काया धागा बांधा!"

भेग पडली की तिच्या दोन्ही कडांना खिळे ठोकून मधे मंतरलेला काळा धागा ताणायचा, ही त्याची रीत. धागा तुटला तर देवीचा कोप, टिकला तर महाराजाची पुण्याई. या खेळात त्याला हरायला जागाच नव्हती.

देवी कोणावर कोपली, हेही त्यानं सांगून टाकलं. छप्पन सालच्या दीक्षेनंतर बौद्ध वस्तीनं घरातले देव नाल्यात सोडले होते. "त्याईनं मरीआई परत बसवावी, पहिल्यासारखी तिच्यापुढं डफडी वाजवावी. नाई तं पोळ्याच्या आत वस्ती उठवा!"

गावानं माना डोलावल्या. गर्दीच्या शेवटी सत्यशीला उभी होती. दीक्षेपूर्वी ती मथुरा होती. नव्या नावाबरोबर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, उकंडानं, दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, माती स्वतः तुडवून. आता नाव ठेवायचं की घर, असा सवाल होता.

"पाटील, एक इचारू?" ती म्हणाली. "देवी रविवारी काहून नाई चालत? रविवारी एकही घर नाई तडकलं."

"देवीले सुट्टी नको काय व?" कोणीतरी म्हणालं आणि गाव खदखदून हसलं.

"खाणीलेबी रविवारीच सुट्टी राह्यते," ती म्हणाली. पण तोवर आरती सुरू झाली होती.

पोळा जवळ आला. एका सकाळी गोवऱ्यांसाठी शेण गोळा करताना तिला देवळामागे बैलबंडी दिसली. बंडीत धावजीची गादी, पेटी, पितळी घंगाळ. सामान चढवायला त्याचा मेहुणा बळीराम होता. खाणीत छताला लाकडी टेकू देणं आणि काढणं हे त्याचं काम.

"कुठी चालले, महाराज?"

"देवीचा हुकूम झाला. आता नाल्याकाठी बसा म्हनते."

"गादीलेबी हुकूम झाला काय?"

सत्यशीला तशीच पारावर गेली. "आयका! आता देऊळ तडकते. महाराजानं सामान हालवलं."

"जीभ झडंल तुही!" वामनराव ओरडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जमीन धसकली. देवळाचा गाभारा मधोमध फाटला आणि कळस ओट्यावर येऊन पडला.

संध्याकाळी सत्यशीलेच्या दारात गर्दी झाली. शिव्या ऐकायची तिची तयारी होती. पण लोकांच्या हातात नारळ होते.

वामनरावानं तर जोडेही काढले होते. "बाई, देवी तुह्या अंगात आली. पुढचं घर कोणाचं, सांग."

सत्यशीलेला हसावं की रडावं कळेना. "माह्या अंगात काई नाई, पाटील. त्या बळीरामले इचारा."

बळीरामला धरून आणलं. जरा आढेवेढे घेऊन तो बोलला. "खाली छत धरायले कोयशाचे खांब ठेवले राह्यतात. कंपनी आता तेच काढून राह्यली, गावाच्या त्या टोकाकून खाणीच्या तोंडाकडे. खांब गेला, टेकू काढला, का छत बसते. छत बसलं का वरची जमीन बसते. साहेबाच्या नकाशावर समदी घरं काढेल हायेत. मी फक्त भाऊजीले सांगत होतो."

"आयकलं?" सत्यशीला म्हणाली. "भेग देवानं नाई पाडली, धाग्यानं बुजत नाई. जे खाली पोकळ करून राह्यले, त्याईले जाब इचारा. माणसाले इचारता येते!"

गाव गेलं विचारायला. साहेबानं चहा पाजला. म्हणाला, "मातीची घरं, काळी जमीन. भेगा पडायच्याच. पण तुमच्या देवीबद्दल आम्हाला आदर आहे. देवळाला विटा कंपनी देईल." जाब विचारायला गेलेलं गाव विटांच्या गाड्या घेऊन, जयजयकार करत परतलं. वाटेत एकानं सत्यशीलेला समजावलं, "देवी नारयावर तरी मानते, व. कंपनी कायनं मानते?"

कायनं मानते, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

वस्ती उठवायची गोष्ट मग कोणी काढली नाही. बळीरामला मात्र तिनं एकटं गाठलं. "आमचं घर?"

तो खाली बघत म्हणाला, "दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर सत्यशीलेनं भांडी बाहेर काढली, उकंडानं दाराची चौकट उपटली. भिंत फाटली तेव्हा आत कोणी नव्हतं. वामनराव काळा धागा घेऊन धावत आला होता. "फक्त बांधून पाहू, बाई." तिनं धागा घेतला आणि त्याच धाग्यानं चौकटीची मोळी बांधली.

आता या सगळ्याची किंमत म्हणून कोणी काय भरलं ते पाहू. धावजी केळापूरकडे गेला, घंगाळासकट; त्यानं काही भरलं नाही. कंपनीनं विटा भरल्या, आणि खालचा कोळसा नेला. खरं बोलल्याबद्दल बळीरामनं नोकरी भरली. मारोतीनं भरलं ते घर. सत्यशीलेनं भरलं तेही घरच. फरक इतकाच, की ते कोणाला भरलं हे तिला माहीत होतं.