कानांचा उपास

“श्वाससुद्धा हळू घ्या. प्रकाशाला आवाज सोसत नाही.”

तो आवाज ऐकून कैक वर्षं लोटली, तरी अजून मध्येच कानात उमटतो. मऊ, कोमट, तेल घातलेल्या बिजागरीसारखा. त्यासरशी दुकानावरच्या त्या लांबट खोलीत दाटीवाटीनं बसलेली माणसं चिडीचूप झाली. पंखे बंद, खिडक्या बंद. पुढे खुर्चीवर माझी ताई, तिच्या मांडीवर वर्षाची व्हायला आलेली पिटू, आणि समोर हातभर अंतरावर त्या आवाजाचे धनी, उजेडकाका. ना दाढी, ना जटा. इस्त्रीचा पांढरा सदरा, नीट कापलेली नखं, हातात मुठीएवढा काचेचा दिवा. त्यातला रंग सावकाश पालटत होता. निळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा.

दिवा डावीकडे सरकला. पिटूची मान डावीकडे वळली. दिवा उजवीकडे गेला, तशी मानही त्याच्यामागून गेली.

“डॉक्टर काय म्हणाले होते?” काकांनी विचारलं.

“दृष्टी नाही म्हणाले,” भावोजी पुटपुटले.

“नाही कशी? आहे. वाट चुकलीय.”

खोलीभर हुंदका पसरला. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण काका पुढे बोलू लागले आणि त्या काट्याची भीती झाली.

“हिची नजर हातांत उतरलीय, म्हणून सारखी चाचपते. कानांत साचलीय, म्हणून डोळ्यांना पुरत नाही. हात बांधा. कानांना उपास घाला. हिच्याशी बोलायचं नाही, गायचं नाही, भांडंही वाजू द्यायचं नाही. उपाशी नजर आपसूक डोळ्यांत चढेल. पुढच्या बैठकीला अंजन घालू, म्हणजे पक्की होईल.”

ताईनं हे सगळं असं ऐकलं, जसं तहानेलं माणूस पाणी पितं. पाणी कुठल्या डबक्यातलं, हे तहान विचारत नाही.

आमच्या घरात एक गोष्ट कुणी बोलत नसे. तान्ह्या बाळाची नजर ठरायला थोडे दिवस लागतात, हे सगळेच जाणतात. पण पिटूला दात आले, ती बसायला लागली, तरी ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “नजर ठरायचीय अजून.” विचारणारा मग दुसरंच काही काढायचा. डॉक्टरांनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं तेव्हाही ती रिक्षात बसताना हेच म्हणाली होती.

आता घरात उपास सुरू झाला. मी ताईच्या मदतीला तिथेच राहत होते. दाराच्या कड्यांना चिंध्या गुंडाळल्या. ताटांखाली फडकी आली. भावोजी घरात शिरताना चपला हातात घेऊन शिरायचे. पिटूचे दोन्ही हात दुपट्यात गुंडाळून अंगाशी बांधले. पूर्वी तिला न्हाऊ घालताना ताई मनानंच ओव्या रचायची,

माझ्या लेकीची गं बोटं, शेजारणींहून चौकस;
दारी कोण, घरी कोण, त्यांना सगळा तपास.

आता न्हाणीघरात फक्त पाणी पडायचं. तेही हळू.

पहिले काही दिवस पिटू रडली. मग रडेनाशी झाली. तिचं ते ‘बाबाबा’ थांबलं. बसवलं तर पुढेमागे झुलत राही आणि डोकं भिंतीला लागलं की पुन्हा पुन्हा तिथेच आपटे. घर असं झालं होतं, जणू आत कुणाला तरी निजवून ठेवलंय आणि उठवायचं नाही असं ठरलंय.

“गुणाची झाली हो,” ताईच्या सासूबाई कुजबुजल्या, पण बोलताना त्यांनी माझी नजर टाळली.

डॉक्टरांनी एका शिक्षिकेला आमच्याकडे पाठवलं होतं. न दिसणाऱ्या बाळांच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांना शिकवायचं, हे त्यांचं काम. “बाळाला अजून बोलता येईना, आणि त्याला मास्तरीण,” असं सासूबाई म्हणाल्या होत्या. बाई आल्या, पिटूजवळ सतरंजीवर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

“झोप लागली का ह्यांना?” सासूबाईंनी माझ्या कानाशी कुजबुजत विचारलं.

“झोपले नाही आजी,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या. सासूबाई दचकल्या. “तुमच्या घरात बाळाला काय काय मिळतं ते बघतेय. काहीच मिळत नाही. या खोलीत कुणीच नाही.”

“आम्ही आहोत की सगळे,” ताई दबक्या आवाजात म्हणाली.

“तिला कोण सांगणार? न बोलता उचलता, न बोलता ठेवता. तिच्या लेखी जग बंद पडलंय.”

ताईचा दबका आवाज चढला. “एरवी तरी काय होतं? मी जवळ गेले की ती गप्प व्हायची, तोंड फिरवायची. मी तिला नकोच आहे.”

“तोंड नाही फिरवत, कान पुढे करते. आपण डोळे मोठे करतो, तशी ती श्वास धरते. तुम्ही आल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर शोधू नका ताई, बोटांत शोधा.” बाईंनी बांधलेल्या दुपट्यावर हात ठेवला. “आता तर बोटंही झाकलीत. वाचू कसं?”

ताईनं दुपट्याची गाठ चाचपली. मग म्हणाली, “पण ती दिव्याकडे वळली. तुम्ही नव्हता तिथं.”

“मग मला घेऊन चला.”

बैठकीला खोली पूर्वीपेक्षा भरली होती. टेबलावर अंजनाची डबी उघडी होती. काकांनी तर्जनी त्यात बुडवली, तसा ताईनं पिटूचा चेहरा वर धरला. बाळ हललंही नाही. मला ते हलणं हवं होतं.

“काका,” बाई अदबीनं म्हणाल्या, “आधी एकदा दिवा फिरवा ना. मागच्या खेपेला मी नव्हते.”

काका सुखावले. बोट पुसून त्यांनी दिवा घेतला. “श्वाससुद्धा हळू घ्या...”

खोली थिजली. दिवा निघाला, पिटूची मान निघाली. या खेपेला तर ती अधाशासारखी वळत होती.

बाई ताईच्या कानाशी वाकल्या. “आता तुम्ही डोळे मिटा. बोटानं दाखवा, दिवा कुठाय.”

ताईनं डोळे मिटले. काही क्षण काहीच झालं नाही. मग तिचं बोट उठलं, डावीकडे गेलं, थांबलं, उजवीकडे आलं. दिव्याच्या अगदी मागोमाग.

“पुढच्या रांगांनीही मिटा, बोटानं दाखवा,” बाई म्हणाल्या. मीही मिटले. आणि मला ऐकू आलं. बारीक, घरघरतं, भिंतीआड भुंगा असावा तसं. इतका वेळ डोळ्यांनी कानांना बोलूच दिलं नव्हतं. डोळे उघडले तर दोन रांगांची बोटं दिव्याकडे रोखलेली होती.

भावोजींनी काकांच्या हातातून दिवा काढून घेतला आणि तळाचं झाकण फिरवलं. आत रंगीत काचेची चकती आणि ती फिरवणारी चिमुकली मोटर. त्यांनी मोटरची तार सोडवली. घरघर थांबली, दिवा जळत राहिला. त्यांनी तो डावीकडे नेला, उजवीकडे नेला, पिटूच्या नाकासमोर धरला. तिची मान जागची हलली नाही.

“अश्रद्धेनं प्रकाश कोमेजला,” काका म्हणाले.

“कोमेजला कुठं, लख्ख जळतोय की,” मागून एक म्हातारा म्हणाला. कुणीतरी हसलं, आणि ते हसू पुरतं उमटायच्या आत काका मागच्या दारानं जिना उतरले होते. भावोजींनी अंजन जिभेच्या टोकाला लावून पाहिलं आणि खिडकी उघडून थुंकत राहिले. त्यांची जीभ दुसऱ्या दिवशीही सोललेली होती. तेच अंजन पिटूच्या डोळ्यांत जाणार होतं.

“उपास कशाला घातला, कळलं ना?” बाई म्हणाल्या. “घरच्या गलबल्यात ती एका आवाजामागे अशी अधाशासारखी धावली नसती. उपाशी ठेवलंत, म्हणून धावली.”

ताईनं दुपटं सोडलं. पिटूचे हात आधी तसेच अंगाशी राहिले, सुटल्याचं त्यांना कळेना. मग एक हात उठला, ताईच्या हनुवटीला लागला, ओठांवर आला, ओल्या गालावर थबकला. बोटं हलू लागली.

वाचकहो, चमत्कार पाहायला मिळाला तर जरूर पाहा. पण एकदा डोळे मिटूनही पाहा, एकदा दिवा उघडूनही पाहा. ज्याला उघडून पाहिलेलं चालत नाही, त्याच्या हाती लेकरू देऊ नका.

आम्ही जिना उतरू लागलो. खाली रांग अजून होती, तिला वरचं काही ठाऊक नव्हतं. रांगेच्या तोंडाशी एक कोवळी बाई, कडेवर बाळ, बाळाचे हात पदराखाली घट्ट बांधलेले. तिनं ताईची वाट अडवली.

“काय हो, दिसायला लागलं का तुमच्या बाळाला?”

सासूबाई सवयीनं काहीतरी बोलायला पुढे झाल्या. ताईनं त्यांना हातानं थांबवलं.

“नाही,” ती म्हणाली. आवाज सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढा होता. “माझ्या लेकीला दिसत नाही. मी अंगावर पाजत होते ना, तिची नजर कधी माझ्या तोंडावर आलीच नाही, मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कुणालाच बोलले नाही.”