रिॲक्टरच्या पोटातला ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी ठोकळा आहे आणि ताज्या रंगावर माझा काडीचाही विश्वास नाही. तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यातला मोठा रिॲक्टर, म्हणजे तेल तापवून दाबाखाली ठेवायची टाकी, ज्या जाड पोलादाचा घडला, त्यातूनच मला कापून काढलं आणि त्याच्याच पोटात टांगलं. का, तर कधीतरी मला तोडून त्याची तब्येत पाहता यावी म्हणून.

आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं तीच उष्णता सोसली. वितळलो नाही की वाकलो नाही. पण पोलाद बारीक दाण्यांचं असतं. सततच्या उष्णतेत नको ती द्रव्यं सरकत सरकत दाण्यांच्या सांध्यांत जाऊन बसतात आणि दाण्यांची एकमेकांवरची पकड सैल होते. बाहेरून काही कळत नाही. लोक रिॲक्टर रंगवायचे आणि कौतुक करायचे. मला मात्र आतून शंका खात होती.

यंदा कारखाना दुरुस्तीला थांबला, तेव्हा तीच शंका तपासनीस ताईंना आली. फोरमन त्यांचा थोरला भाऊ.

"दादा, हा ठोकळा तोडून बघू या."

"भिंत मोजून झाली, कुठं चीर नाही. तुला काय, तुझ्या झोपलेल्या बाळाच्याही नाकाशी बोट धरून श्वास बघायची सवय."

"आहेच. आणि त्याच्या मामालाच उद्या रिॲक्टरपाशी उभं राहायचंय."

माझ्या पट्ट्या कापल्या. पहिली तापवून यंत्राच्या हातोड्याखाली धरली. ती वाकली, तुटली नाही.

"बघ, म्हातारा कणखर आहे," फोरमन हसला.

"आता गार पट्टी."

ती काचेसारखी तडकली.

फोरमन दोन्ही तुकडे जुळवून बघत राहिला. "मागच्या वेळी कारखाना सुरू करताना वेळ वाचवायला आम्ही रिॲक्टर गार असतानाच त्यात पुरा दाब चढवला होता."

"माहीत आहे. तेव्हाही तूच शेजारी होतास."

दुसऱ्या दिवशी फोरमनने दाबाच्या झडपेवर कुणालाच हात ठेवू दिला नाही. आधी रिॲक्टर सावकाश तापवला, भिंत पुरेशी ऊन झाल्याची खात्री ताईंकडून करून घेतली, मगच दाब वाढवला. संध्याकाळी मामा भाच्याला भेटायला गेला.

मित्रांनो, जो वर्षानुवर्षं निमूट तापत राहतो, त्याला धडधाकट म्हणून मोकळे होऊ नका. तो गार असताना त्याच्यावर भार टाकायची घाई तर मुळीच करू नका.