मुल्की नात

"साब, ये देखो. हमारा खानदान मुल्की है," असं म्हणत एकनाथरावांनी काचेची चौकट केलेला दाखला सैन्यभरती कार्यालयाच्या टेबलावर ठेवला. आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायला त्यांच्या वडिलांनी निजामाच्या राज्यात तो मिळवला होता. त्यावर वडिलांना सरकारी नोकरी लागली. तेव्हापासून घरात कुणाचं काही अडलं की एकनाथराव आधी भिंतीवरचा दाखला उतरवत. रेशनकार्ड काढायलासुद्धा त्यांनी तो नेला होता.

या वेळी अडलं होतं नातीचं. शिक्षण संपवून केतकी अमेरिकेहून सुट्टीला आली आणि भारतीय सैन्यातच जायचं म्हणून हटून बसली.

टेबलामागच्या सुभेदारांनी दाखला आदरानं पाहिला, मग केतकीचा अमेरिकन पासपोर्ट पाहिला.

"चाचा, बच्ची अमेरिकन है. ओसीआय कार्ड पे आना, रहना, सब होता. फौज नहीं होती. नेपाल की होती तो चलता था."

"नेपाल की चलती, हमारे काचीगुडे की नहीं?" एकनाथराव तडकले.

"पैदा तो न्यू जर्सी में हुई ना, चाचा."

एकनाथरावांनी दाखला उचलून काखेत मारला.

रिक्षात केतकी म्हणाली, "आजोबा, एक वे आहे. कार्ड माझ्याकडे लहानपणापासून आहे. आता इथे सलग एक वर्ष राहिले की सिटिझनशिप मागता येते. पण अमेरिकेची सोडावी लागेल."

"आन् इतकं करून फौजेनं नाही घेतलं तर?"

"तर नाही घेतलं. परत ट्राय करीन."

एकनाथरावांची छाती फुगली. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात जन्म काढलेल्या माणसाच्या घरात ही कुणावर गेली, असा प्रश्न त्यांना पडला आणि 'माझ्यावरच' असं उत्तरही त्यांनी देऊन टाकलं.

संध्याकाळी न्यू जर्सीहून मुलाचा, प्रकाशचा फोन आला. केतकीनं त्याला सगळं कळवलं होतं.

"बाबा, त्या पासपोर्टसाठी मी उमेदीची सगळी वर्षं घातलीत. तुम्ही तिला समजवा."

"समजवलं असतं रे. पण तू जातो म्हणालास, तवा तुला कुठं समजवलं होतं मी? तुझी आई जेवत नव्हती, तरी तुझं सामान मीच उचललं. तू बी नक्को अडवू तिला."

 

"भरतीत पळायला लावतात ना?" प्रकाशनं शेवटी विचारलं. "तिच्याकडे धड बूट आहेत का?"

"घेतलेत कोठीच्या बाजारात, येताना," एकनाथराव म्हणाले. "अजून पायातून काढले नाहीत तिनं."