बाईंचं नवं खूळ

“बाई, हे खूळ किती दिवस टिकणार?”

हे बाईंना भर वर्गात विचारून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि पैजेतून मागे हटेल ती मैना कसली! हे नाव वर्गाने तिला चिडवायला ठेवलेलं, कारण इंग्रजीच्या तासाला तिच्या तोंडाला कायमचं कुलूप. पण सुट्टीत बाई इंग्रजीच्या शिक्षकांचं एक छोटंसं, पिळून काढणारं प्रशिक्षण करून आल्या आणि सगळंच उलटंपालटं झालं. पूर्वी प्रश्नही बाईंचा, उत्तरही बाईंचंच. पोरांनी निमूट उतरवून घ्यायचं. आता प्रश्न टाकून त्या हाताची घडी घालून गप्प उभ्या राहत. ती शांतता वर्गाला खायला उठे. शेवटी मैनेनेच एक तोडकंमोडकं वाक्य ठोकून दिलं. आभाळ काही कोसळलं नाही. तेव्हापासून तिची गाडी सुसाट.

बाबांना मात्र वह्या कोऱ्या दिसत होत्या. शेजारच्या तुकडीत उत्तरं लिहून देतात, तेव्हा पोरीला तिकडेच घालायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मैनेच्या प्रश्नावर बाई रागावल्या नाहीत. याआधीच्या एका प्रशिक्षणाचा जोर चाचणी परीक्षेपर्यंतच टिकला, हे त्यांनी सरळ कबूल केलं. प्रशिक्षणात चूक दाखवायला कुणीतरी शेजारी असतं. इथे एकटीने शिकवायचं, आणि धडे उरले की जुनी खोड मानगुटीवर बसते.

“मग आम्ही दाखवू की,” मैना बोलून गेली. वर्गात खसखस पिकली.

“दाखव. मी घाईने उत्तर सांगितलं की हात वर कर.”

त्याच तासाला, धडा संपवायच्या नादात बाईंनी प्रश्न विचारला आणि पाठोपाठ उत्तरही फळ्यावर लिहिलं. मैनेने हात वर केला. बाईंनी जीभ चावली, फळा पुसला आणि त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरच्या घुम्या मुलीने अर्धं उत्तर दिलं. उरलेलं तिच्या शेजारणीने पुरं केलं.

संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा उद्या मुख्याध्यापकांना गाठायचं म्हणत होते. मैना दोघांसमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, उद्या या, पण आमच्या तासाला मागे बसायला. आई, तूही ये. तुकडी मी बदलत नाही.”