ओढणीखालची मिरची

कामरगावच्या रंगूबाईच्या माहेरची मिरची आता गावात कोणाकडेच उरली नव्हती. औंदा तिनं शेवटचं मूठभर बी शेजारच्या इफ्राच्या ओंजळीत टाकलं. "माहे हात कापतात वं पोरी. तूच लाव. हे गेलं तं गेलंच."

इफ्रा कारंज्याच्या बांगडीवाल्याची लेक, नवी सून. मातीशी तिची ओळख कुंडीपुरती. पण वाफ्यातली माती फुगली, तडकली आणि मान वाकवून एकेक कोंब वर आला, तेव्हा ती बघतच राहिली. काहींच्या डोक्यावर तर बियाचं साल टोपीसारखं अडकलेलं! सुईएवढा जीव आणि ढेकूळ उचलतो, या अल्ला! चुलीवर भाजी करपली तरी बाईसाहेब आपल्या वाफ्यापाशीच.

रोपं वीतभर झाली तशी रंगूबाई लेकीकडे मेडशीला निघाली. जाता जाता ओरडली, "लावाच्या आधी त्याईले चांगला ताण दे!"

आता शेतकऱ्याच्या घरी ताण देणं म्हणजे पाणी तोडणं, रोपाला जरा तरसवून काटक करणं. इफ्राच्या घरी बोलतात उर्दू. तिथं 'तान दे' म्हटलं की कापड ताणून बांधायचं. भोळीनं लग्नातली हिरवी ओढणी वाफ्यावर मस्त ताणली, वरून दोन्ही वेळ पाणी. रोपं लांबलचक, लुसलुशीत झाली. लाडानं पोर बिघडतं, मग रोप कसं नाही बिघडणार!

तीच रोपं तिनं शेतात लावली. भादव्याचं ऊन ते. दुपारपर्यंत सगळी मातीवर आडवी.

त्याच दिवशी परतलेली रंगूबाई बांधावर थबकली. "ताण नाई देल्ला काय वं?"

"देल्ला ना मावशी! नवी ओढणी तानली!"

रंगूबाईनं कपाळावर हात मारला. आधी तिला हसू फुटलं, मग हसता हसताच डोळे भरले. ती तशीच घरी गेली. इफ्रानं रडत रडत एकेका रोपाला पळसाच्या पानाचा आडोसा केला, मुळाशी पाणी घातलं.

उजाडताच ती शेतात पोचली आणि जागीच खिळली. काही रोपं गेली होती, खोटं कशाला बोला. पण बाकीची? ज्यांच्या देठांत काल मान धरायचं बळ नव्हतं, ती ताठ उभी! कोणी हात दिला नव्हता, कोणी उचललं नव्हतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. धावत जाऊन तिनं रंगूबाईला हाताला धरून आणलं.

म्हातारीनं बांधावरच चपला काढल्या. उकिडवी बसून एका पानाला बोट लावलं.

"मले वाटलं, माह्यासंगंच जाते हे बी," ती म्हणाली. "आता पुढच्या साली मीच मागाले येईन, पोरी. तुह्या दारी."