पाण्याखालची लहान बॅटरी

मी बॅटरी बोलतेय. होय, तळहातात मावणारी हीच! लहान म्हणून नाक मुरडू नका. समुद्रात तीस मीटर खाली जाऊन मी उजेड पाडलाय. उशाशी लोळणाऱ्या माझ्या घरगुती बहिणींना बादलीभर पाणीसुद्धा सोसत नाही.

कारखान्यात माझ्या मानेत रबराची कडी बसवणारी बाई फार कडक होती. कडीवर वाळूचा कण नको, केस नको, नाहीतर पाणी आत शिरलंच समजा! मग मला दाबाच्या टाकीत बुडवलं. मी कोरडीठाक बाहेर आले, तेव्हापासून माझी मान ताठ आहे.

मला निवडलं ते स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली पोहायला, शिकवणाऱ्या एका बाईंनी. दुकानदार म्हणत होता, "ही मोठी न्या, दुप्पट उजेड!" बाई म्हणाल्या, "गढूळ पाण्यात तो उलटून माझ्याच डोळ्यांवर येतो. अरुंद झोत द्या, आणि हातमोजे घालून दाबता येईल असं बटण." शेकडो बॅटऱ्यांतून मी!

चार्ज होणाऱ्या सेलांच्या बाबतीत तर बाई महाखट. नवा सेल आला की आधी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. वेष्टणावर कोणी काहीही छापतं, पण आत माल कमी असला की सेल हलका भरतो; वजन खोटं बोलत नाही, असं त्या म्हणायच्या. माझा सेल सत्तेचाळीस ग्रॅम भरला.

बाईंच्या वहिनी शाळेत गणित शिकवतात. चाळिशीत त्या स्कूबा शिकल्या. दिवसा मजेत पोहायच्या, पण अंधाराची भारी भीती. एकदा तरी काळोखात उतरून दाखवायचंच, असा त्यांनी हट्ट धरला आणि एक थोरली बॅटरी आणली, लाल चकचकीत सेलांसकट. बाईंनी एक सेल काट्यावर ठेवला. एकोणतीस ग्रॅम!

"बडा घर पोकळ वासा! वहिनी, ही बॅटरी बदल."

"बदलते, वन्सं."

आता आपल्याकडे सेलही बॅटरी आणि मीही बॅटरी. वहिनींनी आख्खी बॅटरीच बदलून आणखी मोठी आणली, आणि तिच्यात भरले तेच लाल सेल! बाईंनी विचारलं, "बदललीस ना?" वहिनी म्हणाल्या, "बदलली की!" झालं. एवढी काटेकोर बाई, पण घरच्या माणसाच्या शब्दावर विसंबली.

रात्री उतरायचं तर प्रत्येकाजवळ दोन बॅटऱ्या हव्यात, हा बाईंचा नियम. म्हणून वहिनींच्या छातीवर मला अडकवलं.

दोघी उतरल्या. बारा मीटरवर थोरली ऐटीत झळकत होती. पंधराव्या मिनिटाला ती तांबूस झाली, लुकलुकली आणि गप्प झाली. नेमक्या तेव्हाच बाई खडकाच्या पलीकडे वळल्या होत्या. काळामिट्ट अंधार! वहिनींचा श्वास इतक्या जोरात सुटला, की बुडबुड्यांनी मी हादरले. अशा वेळी माणूस घाबरून सुसाट वर पळतो आणि ते जिवावर बेततं. मला ओरडता येत नव्हतं. वहिनी, इथे आहे मी, हात लावा!

हात खांद्यावर गेला, नळीवर गेला, पुन्हा नळीवर गेला, मग माझ्यावर आला. बटण दाबलं आणि मी भक्कन पेटले. वहिनींनी मला आडवं हलवलं, म्हणजे 'अडचण आहे'. तो झोत पाहून बाई आल्या. मग वहिनींनी वाळूवर माझ्या उजेडाचा सावकाश गोल काढला, म्हणजे 'मी ठीक आहे'. दोघी हळूहळू, वाटेत थांबत वर आल्या.

होडीत थोरलीच्या पोटातले लाल सेल पाहून बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, सेल बदल म्हटलं होतं!"

"मग सेल म्हणायचं ना, वन्सं!"

दोघी हसत होत्या की रडत, ओल्या तोंडांवरून कळेना. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "अंधारात एकटी होते मी. पण वर पळाले नाही." ते ऐकून मला जो अभिमान वाटला, तो आजही तसाच आहे.

आता माझी काच ओरखडली आहे, बटण सैल झालंय. मला पाण्यात न्यायचं नाही असं बाईंनी ठरवलं, ते बरोबरच आहे. वहिनी मला काचेच्या कपाटात मांडायचं म्हणतात. तेवढं नको, वहिनी! स्कूबा शिकायला येणाऱ्या नव्या माणसाच्या छातीवर मला लावा, कोरड्या खोलीत, डोळे मिटायला सांगून. दहा वेळा त्याचा हात चुकू दे. तो मला शोधेपर्यंत मी लटकून राहीन.