साडेतीन सेंटिमीटरांत केस

माझा फोटो मंजूर झाला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. आत्ता बुधवार आहे, मी सोलापुरातल्या शुक्रवार पेठेत अनिलकुमार यांच्या स्टुडिओतल्या फिरत्या स्टुलावर बसलेय आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या जागेसाठीच्या परीक्षेच्या फॉर्मवर माझा फोटो तिसऱ्यांदा नामंजूर झालाय.

अट साधी आहे. फोटो साडेतीन सेंटिमीटर रुंद हवा, दोन्ही कान दिसायला हवेत आणि फोटोचा सत्तर टक्के भाग चेहऱ्याने व्यापलेला हवा. माझा चेहरा तीस टक्के व्यापतो. उरलेल्या जागेत केस असतात. जाड, राठ, नागमोडी. एकेका केसाला स्वतःचं मत. पहिल्या फोटोवर ‘चेहरा अस्पष्ट’ असा शेरा आला. दुसऱ्यावर ‘पार्श्वभूमी पांढरी नाही’. मग मी केस घट्ट बांधून बसले. रबर तुटून अनिलकुमारांच्या दिव्याला लागलं, नेमका त्याच क्षणी फोटो निघाला, आणि त्यावर शेरा आला, ‘छायाचित्रात एकापेक्षा जास्त व्यक्ती आढळल्या’.

अनिलकुमारांनी तो दोनदा वाचला आणि स्टुलामागे खरंच कुणी आहे का, ते वाकून पाहिलं.

फॉर्म सोमवारी बंद होणार होता. सांगोल्याजवळ माझ्या आत्याची, फुलाबाईची, साठ मेंढरं आहेत. तिथे टोचायला माणूस पोचेपर्यंत मेंढरू एकतर आपोआप बरं झालेलं असतं, नाहीतर गेलेलं. मला वेळेवर पोचणारं माणूस व्हायचंय. आयुष्यात गंभीरपणे ठरवलेली माझी ही एकच गोष्ट.

आईनेही गंभीरपणे ठरवलं. जुळे सोलापुरात आमच्या बिल्डिंगखाली सुकन्याताईंचं पार्लर आहे. तिथे रविवारी माझे केस कायमचे सरळ करायचे. सुकन्याताईंनी नमुना म्हणून एक बट करून दिली. ती तळमजल्यावर सरळ होती. दुसऱ्या मजल्यावर विचारात पडली. तिसऱ्यावर, आमच्या दारात, पुन्हा घरच्यांत सामील झाली. औषध लावलं की ती असली हिंमत करणार नाही, असं ताईंचं म्हणणं पडलं.

शनिवारी सकाळी आत्या एसटीने आली, पिशवीभर डाळिंबं घेऊन. आईने तिला रविवारचा बेत सांगितला. लोकर किती दाट आहे ते बघायला मेंढराच्या पाठीत घालते तसा आत्याने माझ्या डोक्यात हात घातला. तो मनगटापर्यंत आत गेला.

“हिला कोरडी कोण इंचरतं?”

सगळेच विंचरत होते. एका बाजूने आई, दुसऱ्या बाजूने माझी मोठी बहीण पूनमताई, आणि केसांत कंगवा अडकला तर बाबांना हाक.

“कोरडी लोकर वढली की फुगती,” आत्या म्हणाली. “मेंढरू कातरायच्या आदी आमी त्याला वड्यात धुतो. लेकीला तेवढं बी न्हाय व्हय?”

मग तिने मला न्हाणीघरात बसवलं. कंगवा बाहेर ठेवला. केस पाण्याने निथळत असताना टोकाकडून मुळाकडे, नुसत्या बोटांनी, एकेक गुंता सोडवला. ओल्या केसांनाच करडईच्या तेलाचे चार थेंब चोळले. आईने घरातला सगळ्यात जाड, नवाकोरा टॉवेल पुढे केला. आत्याने तो परत दिला. त्याचे धागे उभे असतात, ते केस धरून ओढतात, याने पुसायचंच नाही, असं तिने दार उघडं असताना सांगितलं.

सोलापुरात टॉवेलबद्दल असं काही बोलायचं तर लोक आधी दार लावून घेतात. आमच्या समोरच्या घरातले मल्लिनाथकाका तीस वर्षं टॉवेल विणायच्या मागावर कामाला होते. ते चपला न घालता आले. टॉवेल हातात घेतला, उलटा केला, उजेडात धरला. मग निघून गेले. आई म्हणाली, आता यंदा त्यांच्याकडून शेंगापोळी यायची नाही.

वीस मिनिटांनी काका परत आले, हातात जुना, मऊ, पातळ पंचा घेऊन.

“टॉवेल अंगाला,” ते आत्याकडे न बघता म्हणाले. “डोक्याला मी पण हाच वापरतो. बाहेर बोलू नका.”

काकांना टक्कल आहे. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

पंचात केस न चोळता नुसते दाबले आणि गॅलरीत सुकू दिले. दुपारी आरशात पाहिलं तर ते खांद्यावरून खाली एकामागून एक लाटांनी उतरले होते, तेवढेच दाट, पण पहिल्यांदाच सगळे एका दिशेने. मी विनोद शोधला. सापडला नाही. आई जवळ येऊन म्हणाली, “वन्सं, हे तुमचेच की.”

आत्याने डोक्यावरचा पदर मागे घेतला. तसेच केस, तशाच लाटा, फक्त पांढऱ्या.

“पदराखाली हुते,” ती म्हणाली, “म्हनून सरकारला कळलं न्हाय.”

आईने खाली जाऊन रविवारचं रद्द केलं. सुकन्याताई स्वतः वर आल्या, केसांतून हात फिरवला आणि कोणतं प्रॉडक्ट म्हणून विचारलं. आत्याने पंचा दाखवला.

संध्याकाळी आत्याला घेऊन मी पुन्हा स्टुलावर. कॉम्प्युटरने आधी ‘एक व्यक्ती आढळली’ असं मान्य केलं. आमच्याकडे ही प्रगती होती. पण चेहरा पन्नास टक्केच. तेव्हा आत्या उठली, माझ्यामागे वाकून बसली आणि कातरणीच्या वेळी मेंढा धरते तसे सगळे केस एका मुठीत मागे धरले.

“हालू नगंस.”

मी मेंढ्यापेक्षा शहाणी निघाले, असं तिने नंतर सांगोल्यात सगळ्यांना सांगितलं. चेहरा एकाहत्तर टक्के. कान दोन. आता पहिलं वाक्य वाचायला हरकत नाही.

मग अनिलकुमारांनी, कुणी न सांगता, कॅमेरा आडवा केला आणि दुसरं स्टूल आणलं. आत्याने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर मागे घेतला. तो फोटो त्यांनी दुकानातल्या सगळ्यात रुंद फ्रेममध्ये काचेमागे लावलाय. शेजारच्या फोटोतल्या नवरानवरीकडे आता कुणी बघत नाही.

प्रवेशपत्र काल आलं. त्यावर लिहिलंय की केंद्रावर उमेदवार फोटोप्रमाणेच दिसला पाहिजे. म्हणून हा अर्ज:

मा. परीक्षा नियंत्रक यांस,

विषय: फोटोची रुंदी वाढवून मिळणेबाबत.

उपरोक्त विषयान्वये विनंती की, फोटोची चौकट डाव्या व उजव्या बाजूस प्रत्येकी दोन सेंटिमीटर वाढवण्यात यावी. ते शक्य नसल्यास, परीक्षेचे तीनही तास माझे केस मुठीत धरून माझ्या बाकामागे बसण्याची परवानगी श्रीमती फुलाबाई यांस देण्यात यावी. त्या उत्तरे सांगणार नाहीत. मेंढरांवरील प्रश्न चुकीचे छापले गेल्यास मात्र त्या गप्प बसतील, याची हमी देता येत नाही.